व्हिस्कीला किती आणे

बाटली घरात आली ती टॉवेलात गुंडाळून. मधुकरने ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी, स्वयंपाकघरात आणली. अहल्या चुलीपाशी फुटाणे निवडत बसली होती.

"हीच का ती?"

"हीच. थेट अमेरिकेहून, जयंतरावांच्या पेटीतून. राय व्हिस्की. राय म्हणजे तिकडच्या थंड मुलखातलं धान्य, गव्हाच्या नात्यातलं. शंभरात पंचावन्न भाग निव्वळ दारू आहे म्हणे." मधुकर मध्यभारत सरकारच्या शिक्षण खात्यात कारकून होता, आकडे त्याच्या तोंडात चटकन बसत. "पटकन ओत. बैठकीत सगळे वाट बघताहेत."

एवढं सांगून तो जायला हवा होता. पण दाराशी घुटमळला.

"एक तारखेला मला भोपाळात हजर व्हायचंय."

"ठाऊक आहे."

"ऐन दिवाळीत बोलावलंय बेट्यांनी. नवीन राज्य, नवीन कचेरी. दोन खोल्या मिळणार आहेत. वडिलांना हे काम लागलं तर त्यांचं करायला तुला इथे राहावं लागेल. मी एकटाच जायचं की तू येणार, ते आज ठरेल." आणि तो गेला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्याने आपल्या मनातलं इतकं लांबलचक बोलून दाखवल्याचं अहल्येला आठवत नव्हतं.

आता ही भानगड काय होती, ते सांगायला हवं. आबदारांचं घराणं म्हणजे पाणी चाखणाऱ्यांचं घराणं. सरदार निंबगावकरांच्या पाण्या-सरबतांच्या कोठीत पाच पिढ्या त्यांनी हेच केलं. सरकार जिथे मुक्काम करतील तिथली विहीर आधी आबदार चाखायचा आणि तिला आणे द्यायचा. बारा आण्यांच्या वरचं पाणी सरकारांना, आठच्या वरचं पाहुण्यांना, बाकी घोड्यांना. रामघाटावरच्या शिप्रेला चैत्रात नऊ आणे मिळत आणि भाद्रपदात चार, तेही नदीचा अपमान नको म्हणून. सोळा आणे फक्त गंगेला, आणि ते न चाखताच, मान म्हणून दिलेले. घराण्याचा नियम एकच होता: पाण्याला चव असणं हा पाण्याचा दोष.

संस्थानं गेली, सरदारकी गेली, कोठीला कुलूप लागलं. पण भय्यासाहेब आबदारांच्या जिभेचा दबदबा उज्जैनीत तसाच राहिला. कोणी विहीर खणली की त्यांना टांगा पाठवायचा. मात्र भय्यासाहेबांच्या जिभेला चार वर्षांपूर्वीच्या विषमज्वरानंतर काहीच लागत नव्हतं. कारलं आणि खडीसाखर त्यांना सारखीच. ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि त्यांच्या सुनेला. एके दिवशी वरणात मीठ घालायला अहल्या विसरली आणि मामंजी "वा, छान झालंय" म्हणाले, तेव्हा तिला कळलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी चाखायला आलं तेव्हा तिने ते आत आधी स्वतः चाखलं.

तिची जीभ अशी असेल हे तिलाही माहीत नव्हतं. माहेरी कोणी विचारलंच नव्हतं.

रिवाज असा की आबदाराने आलेलं भांडं पाहायचं नाही. पाणी आत जाणार, चांदीच्या तांब्यात ओतून बाहेर येणार, सोबत जीभ कोरडी करायला वाटीत फुटाणे. अहल्या जितके आणे तितके फुटाणे ठेवायची. भय्यासाहेब एकेक फुटाणा चावत मोजायचे आणि मग आपला निकाल द्यायचे. वर्णन त्यांचं त्यांना येत होतं, बोलण्यात ते कोणाला हार जाणारे नव्हते. बाहेरगावचं पाणी असलं की सूनबाई बरोबर, आतल्या बायकांत बसायला म्हणून.

आता सरदारांचे पुतणे जयंतराव परदेशातून परत आले होते आणि देवास रस्त्यावरच्या बंगल्याचं हॉटेल काढत होते. दारूचा परवानाही मिळणार होता. तिथल्या पेयांच्या कोठीवर त्यांना आपला जुना, खानदानी आबदार हवा होता. पाहुण्यांना दाखवायला बरा. पण आजकालचा माणूस, परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास कसा ठेवेल? भय्यासाहेब पास झाले तर त्यांना काम, आणि अहल्या जन्मभर उज्जैनीत दारामागे. नापास झाले तर त्यांची पन्नास वर्षांची अब्रू मातीत, आणि अहल्या भोपाळला. गोष्ट इतकी सरळ होती, आणि म्हणूनच तिला रात्रभर झोप नव्हती.

तिने बूच काढलं. आधी वास घेतला आणि मान मागे घेतली. मग थोडं पाणी प्यायली, एक फुटाणा चावला, फुलपात्रात बोटभर ओतलं आणि वरून घुटका घेतला. मनात अकरा मोजायचे असतात. तिने चार मोजले आणि तिचे डोळे भरून आले. सहा मोजले आणि तिला मजा वाटायला लागली. जाळाच्या मागे काहीतरी होतं. भाजलेलं धान्य, उतू जायच्या बेतातला काकवीचा पाक, लवंग, नुकत्याच रंधलेल्या लाकडाचा वास. अकरा म्हणून तिने गिळलं, तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब पोचली होती.

चूक-बरोबर तिच्या डोक्यातही आलं नाही. तिने पुन्हा एक घुटका घेतला. हा नीट कळावा म्हणून घेतला, असं तिने स्वतःला सांगितलं.

"किती आले?"

दारात अंबिका काकू उभी होती. गोपाळकृष्ण काकांची बायको. काका म्हणजे भय्यासाहेबांचे चुलतभाऊ, आणि या नोकरीवर भय्यासाहेबांनंतर हक्क सांगणारे एकमेव. काकू सकाळपासून मदतीला म्हणून आली होती आणि तिने अजून एक कांदाही चिरला नव्हता.

अहल्येने फुलपात्र खाली ठेवलं. आता बोंब होणार, असं तिला वाटलं. बामणाची सून, दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात.

"घाबरू नकोस," काकू दार लोटून घेत म्हणाली. "गेल्या साली देवासगेटच्या शेटजींच्या विहिरीला भय्यासाहेबांनी अकरा आणे दिले. वाटीत फुटाणे अकराच होते. त्याच्या आधी साडेनऊ दिले, तर एक फुटाणा अर्धा. मला मोजता येतं गं. बोल, किती?"

"चौदा," अहल्या म्हणाली. खोटं सुचलंच नाही.

"दोन ठेव."

"काय?"

"दोन फुटाणे ठेव. जयंतराव पाकिटात अमेरिकेतल्या जाणकारांचे गुण घेऊन बसलेत. दोन म्हटलं की भय्यासाहेब आउट. मग आमचे हे आहेत. त्यांना त्यातलं कळतं, ते मी तुला काय सांगू, सगळ्या फ्रीगंजला माहीत आहे. नोकरी सुटल्यापासून दिवसभर घरात बसलेले असतात आणि डब्यांची झाकणं उघडून बघतात. मला वेड लागायची पाळी आलीय. आणि तुला काय, इथे दारामागे म्हातारं व्हायचंय?"

"मामंजींची फजिती होईल."

"होईल. दोन दिवस. म्हाताऱ्या माणसाची फजिती लोक लवकर विसरतात." काकूने आवाज खाली आणला. "आणि खोटं तरी कुठे आहे त्यात? आपल्या घराचा नियमच बघ ना. चव असलेल्या पाण्याला काय देतात? बाटलीभर चव आहे ही. कायद्याने दोनसुद्धा जास्त झाले."

काकू वकिलाच्या घरात जन्मली असती तर मध्यभारतात मोठी झाली असती.

अहल्येने वाटी घेतली. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेहून मोठी हाव वाटली: दोन खोल्या, स्वतःची चूल, संध्याकाळी कचेरीतून घरी येणारा माणूस. चार वर्षं ती दुसऱ्याच्या तोंडून बोलत होती. तिने दोन फुटाणे वाटीत टाकले. ते इतके एकटे दिसले की तिला वाटी बदलून लहान घ्यावी लागली.

बैठकीत जयंतराव खुर्चीवर कोट-टाय घालून बसले होते. मांडीवर छापील कागद, वर रंग, वास, चव, शेवट असे रकाने, हातात बंद पाकीट. गोपाळकाका अत्तर लावून आले होते. भय्यासाहेब जाजमावर, पांढरा फेटा बांधून. पडद्यामागून अहल्येला सगळं दिसत होतं. मधुकरने तांब्या आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवली.

भय्यासाहेबांनी वाटीत पाहिलं. मग अजून एकदा पाहिलं.

"काय हो दादा, फुटाणे महाग झाले वाटतं?" गोपाळकाका म्हणाले.

भय्यासाहेबांनी एक फुटाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. पडद्याकडे नजर टाकली. अहल्या मागे सरकली, तर काकूच्या अंगावर आदळली. त्यांनी दुसरा फुटाणा चावला आणि तांब्या उचलला.

"भय्यासाहेब, जरा-सं घ्या," जयंतराव म्हणाले. "और देखिये, गिळायचं नाही. तिकडे सगळे चाखून थुंकतात. त्यात शरम नाही."

"तिकडे थुंकत असतील, छोटे सरकार. आपल्या घरचं आम्ही पाच पिढ्या गिळत आलो."

आणि त्या माणसाने, ज्याने जन्मात सुपारीपलीकडे व्यसन केलं नव्हतं, तांब्या वर धरून धार सोडली. पाण्याचा घुटका घ्यायची सवय, ती हात कसा विसरेल? चांगला तोंडभर घेतला. शुद्धीसाठी संध्याकाळी रामघाटावर बुडी मारायची हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे त्या बाजूने काळजी नव्हती. पण पाणी अकरा मोजेपर्यंत तोंडात शांत बसतं, हे बसत नव्हतं. भय्यासाहेबांचे गाल लाल झाले, मग कान, मग फेट्याखालचं कपाळ. डोळ्यांतून धारा लागल्या. बोटं मांडीवर मोजत होती: नऊ, दहा, अकरा. गिळलं.

"पहिला ओळखीचा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दुसरा परीक्षेचा. तिसरा साक्षीचा."

"एक बस्स आहे हो," जयंतराव खुर्चीच्या काठावर आले.

"रिवाज आहे."

तिन्ही झाले. तांब्या खाली ठेवताना तो जाजमावर न ठेवता हवेतच ठेवायला गेले, मधुकरने धरला. भय्यासाहेबांनी फेटा सरळ करायला म्हणून वाकडा केला. चेहऱ्यावर असं हसू होतं की अहल्येने ते घरात कधी पाहिलं नव्हतं.

"सोळा," ते म्हणाले.

पडद्यामागे काकूने अहल्येचा दंड घट्ट धरला.

"दादा, शुद्धीवर आहात का?" गोपाळकाका म्हणाले. "सोळा आपण गंगेला दिलेत."

"गंगेला न चाखता दिलेत. हिला चाखून देतोय."

जयंतरावांनी पेन्सिल काढली. "ठीक. पण मला बयान पाहिजे. वास कसा, चव कशी, मागे काय राहतं?"

इथे भय्यासाहेबांनी रोजच्यासारखं दोन मिनिटं बोलायचं, हलकं, भारदस्त, पोटात शांत उतरणारं वगैरे म्हणायचं, की काम झालं असतं. शब्द त्यांच्याकडे पोत्यांनी होते. पण तीन घुटके आत गेले होते, आणि जे पन्नास वर्षांत झालं नाही ते झालं. आबदारांचं तोंड सुटलं.

"चवीचं मला काय विचारता? मला चव कुठे लागते?"

गोपाळकाका पुढे सरकून बसले.

"चार वर्षं झाली. विषमज्वरात गेली ती गेली. ह्या चार वर्षांत मी जे जे चाखलं ते सगळं तिने चाखलं. ती आत आहे, पडद्यामागे, माझी सून. आज तिने दोन पाठवलेत." त्यांनी रिकामी वाटी जयंतरावांना उलटी करून दाखवली. "मला काही ते दोन पटेनात. अहल्या, बाहेर ये बेटा. खरे किती, सांग ह्यांना."

काकू कानात म्हणाली, "दोनवरच राहा. बात खतम होईल."

अहल्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मधुकर भिंतीशी उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता, काही न मागता, पोस्टात नंबर लावलेल्या माणसासारखा. एकच शब्द. दोन म्हटलं की भोपाळ. मामंजी बुडाले तर बुडालेच होते, स्वतःच्या तोंडाने बुडाले होते, आता दोनने त्यांचं आणखी काय बिघडणार होतं? पण तिच्या जिभेच्या कडेला अजून लवंग होती. आणि चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला तिच्या नावाने विचारलं होतं.

"चौदा," ती म्हणाली. "दोन मी मुद्दाम ठेवले होते."

"का चौदा?" जयंतरावांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"आधी जाळ. तो लोकांना घाबरवायला आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग भाजलेलं धान्य येतं, मग काकवी, पण काकवी थांबत नाही, लगेच लवंग. शेवटी नवीन पाटाचा वास. फार दिवस लाकडात ठेवलीय का?"

"सहा वर्षं." जयंतरावांनी पाकीट फाडलं, कागद पाहिला आणि हसले. "एक्क्याण्णव दिलेत त्यांनी. शंभरात. म्हणजे आपले साडेचौदा."

"मग त्यांनी अर्धा आणा जास्त दिलाय," अहल्या म्हणाली. "सगळं गेल्यावर मागे कडवट राहतं. बदामात एखादा खराब निघतो तसं. ते त्यांना कळलं नाही."

जयंतरावांनी बाटली मागवली, स्वतः घोट घेतला, बराच वेळ छताकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी खोडलं.

"भय्यासाहेब," ते शेवटी म्हणाले, "माझं ठरलं. आपण दोघंही या. आपण बाहेर फेटा बांधून, सूनबाई आत. कोणाला कळायचं कारण नाही. जसं चाललंय तसंच चालू द्या. घरी टांगा येईल."

झालं. खरं बोलल्याचं बक्षीस अहल्येला जागच्या जागी मिळालं होतं, आयुष्यभराचं. मधुकरने मान खाली घातली. गोपाळकाकांनी अत्तराचा रुमाल खिशात घातला आणि चप्पल कुठे आहे ते डोळ्यांनी शोधायला लागले. हे सगळं आता भय्यासाहेबांच्या एका 'हो'वर होतं, आणि निंबगावकरांना 'नाही' म्हणणारा आबदार अजून जन्माला यायचा होता.

भय्यासाहेब उठायला गेले, जमलं नाही, बसूनच हात जोडले.

"जमायचं नाही, छोटे सरकार. माझी जीभ एक तारखेला भोपाळला चालली आहे."

"म्हणजे?"

"नवऱ्याबरोबर. सरकारी हुकूम आहे." त्यांनी मधुकरकडे बोट केलं, बोट दोन हात बाजूला गेलं, पण अर्थ पोचला. "बिनजिभेचा आबदार तुमच्या काय कामाचा? हा गोपाळ घ्या. ह्याला सवयही आहे."

गोपाळकाकांना यावर रागवावं की आभार मानावेत ते कळेना. त्यांनी आभार मानले. जयंतरावांनी थोडे आढेवेढे घेतले, पण फेटा गोपाळकाकांच्याही डोक्यावर बरा दिसला असता, आणि पाहुण्यांना फेटाच दिसणार होता. पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. जाताना त्यांनी बाटली तिथेच ठेवली.

स्वयंपाकघरात अंबिका काकू आधीच येऊन बसली होती. तिच्यासमोर फुलपात्र होतं आणि त्यात बोटभर.

"ह्यांना पिता येतं," ती म्हणाली. "चाखता येत नाही. मला काय ठाऊक नाही? महिन्याभरात पितळ उघडं पडेल. तू जाईपर्यंत दहा दिवस आहेत. शिकव मला. आधी फुटाणा ना?"

अहल्येने तिला फुटाणा दिला.

रामघाटाची बुडी राहिली, कारण भय्यासाहेबांना ओसरीपर्यंतही नेता आलं नाही. दिवेलागणीला ते जागे झाले तेव्हा अहल्या लिंबाचं पाणी घेऊन गेली. ते कॉटवर डोळे मिटून पडले होते. ती पायाशी उभी राहिली.

"मामंजी, मी मुद्दाम दोन ठेवले. तुमची फजिती होणार ते माहीत असून."

"वाटी बघितली तेव्हाच कळलं मला." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अमेरिकेहून दोन आण्यांचा माल कोणी टॉवेलात गुंडाळून आणतं का? म्हटलं, पोरगी जायचं म्हणतेय. तोंडाने बोलायची सोय आम्ही ठेवली नाही, तर फुटाण्यांनी बोलतेय."

अहल्या रडायला लागली. त्यांनी रडू दिलं. मग पेला घेतला आणि थोडं पाणी प्यायले.

"लिंबू आहे ना ह्यात?"

"हो."

"वाटलंच. पिवळं दिसतंय."

ती डोळे पुसत हसली. मग तिने विचारलं, कारण तेवढ्या एकाच गोष्टीचा अर्थ तिला अजून लागला नव्हता. "दोन कळले होते, तर दोनच म्हणायचं. नोकरी आपोआप टळली असती. नाहीतर दहा-बारा म्हणायचं. सोळा का?"

भय्यासाहेबांनी पेला कॉटखाली ठेवला. बाहेर मधुकर ट्रंक ओढत होता.

"अगं, मला लागलं ते," ते म्हणाले. "चव नाही, नुसता जाळ. पण लागलं. चार वर्षांनी तोंडात काहीतरी आलं, अहल्या. मी कमी कसे देऊ?"